सुमात्रातला ओरांगउटान ट्रेक: भारी पण वाटलं आणि वाईट पण, आता रिव्ह्यू काय लिहू?

पाठपिशवी

मंडळी, इथे बरेच भटके आहेत म्हणून विचारते, जरा लांबण लागेल पण वाचा. मलेशिया करून पुढे इंडोनेशियातल्या सुमात्राला गेले होते, मेदान शहराहून बुकित लावांग या जंगलाकाठच्या गावात, आणि तिथला तो ओरांगउटान (लाल केसांचं, बिनशेपटीचं मोठं वानर) बघायचा एका रात्रीचा जंगल ट्रेक केला जो झाडून सगळे बॅकपॅकर करतात. येऊन बरेच दिवस झाले पण गाइडचे व्हॉट्सॅपवर मेसेज चालूच आहेत, सिस्टर प्लीज रिव्ह्यू, फाइव्ह स्टार, हात जोडलेला इमोजी. मी लिहायला बसते आणि अर्ध्यात सोडून देते.

आधी चांगलं सांगते. माणूस कमालीचा होता. पन्नाशीचा असेल, पायात रबरी बूट, आणि चालताना मधेच बोट वर करायचा की आम्ही सगळे गप्प, मग आम्हाला दोन मिनिटांनी कळायचं की वर धनेश उडतोय, त्याच्या पंखांचा एवढा आवाज येतो की मला आधी वाटलं कोणीतरी वरून काहीतरी ओढत नेतंय. ते डोक्यावर उभा तुरा असलेले करडे वानर दाखवले, थॉमस लंगूर, ते फक्त सुमात्राच्या उत्तर टोकालाच आहेत म्हणे. चढ-उतार इतके खडे की मुळं धरून उतरायचं, दमट हवेत टीशर्ट पिळावा लागत होता, पण पावसाळ्यात सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला जळवांचं काही वाटणार नाही. मी शाकाहारी म्हणून त्याने माझ्यासाठी वेगळं टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) केलं, पानात गुंडाळलेला नासी गोरेंग म्हणजे परतलेला भात, वर अननस कापून. रात्री नदीकाठी प्लास्टिकच्या कापडाखाली झोपलो, पाऊस सुरू झाल्यावर तो उठून सगळ्यांच्या सॅक आत ओढत होता. दुसऱ्या दिवशी टायरच्या ट्यूब एकमेकींना बांधून नदीतून परत गावात, ते तर निव्वळ धमाल.

आता दुसरं. ट्रेक सुरू होतो तो जुन्या रबराच्या झाडांतून, आणि आत शिरून अर्धा-पाऊण तास झाला नसेल तोच एक ओरांगउटान मादी पिल्लासकट दिसली. दिसली म्हणजे आधीच तिच्याभोवती तीन-चार ग्रुप जमलेले, सगळे लग्नातल्या स्टेजसमोरच्या फोटोग्राफरसारखे एकमेकांना ढकलत. गाइड लोक फोनवर एकमेकांना कळवतात. दुसऱ्या ग्रुपच्या गाइडने सॅकमधून रांबुतान (लिचीसारखं फळ) काढलं, हात वर केला, ती सरळ खाली उतरली. फांदीवरून नाही, अगदी जमिनीवर, आमच्या वाटेवर. एका पोराने पाठ करून सेल्फी घेतला. मग ती आमच्याकडे वळली आणि आमचा गाइड म्हणाला बॅक बॅक, स्लोली, आणि त्याने स्वतःच्या पिशवीतलं केळं काढून बाजूला ठेवलं, ती तिकडे गेली आणि आम्ही पुढे सटकलो. आता हे खायला घालणं झालं की आमचा जीव वाचवणं झालं, मला खरंच ठरवता येत नाहीये.

आणि खोटं कशाला बोलू, मला तो क्षण प्रचंड आवडला. ती ओठांनी साल सोलत होती, पिल्लाने तिच्या लाल केसांची मूठ धरलेली आणि ते आमच्याकडे बघत होतं. मी रडले पण. नंतर कॅम्पवर जेवताना विचार सुरू झाले की हे जंगल होतं का काय होतं.

तर प्रश्न असा की खरं लिहिलं तर त्याचं काम जाईल का? दोन मुलं शाळेत आहेत त्याची. आणि नुसते पाच तारे दिले तर पुढचा माणूस हेच बघायला जाईल. तुम्ही काय कराल?

मुक्काम पोस्ट सिंगापूर

मी इथे राहतो, मेदान म्हणजे दीड तासाची फ्लाइट, त्यामुळे तिकडे जाणं-येणं आहे. ताई तुम्ही बघितली ती बहुतेक पूर्ण जंगली मादी नव्हती आणि पूर्ण पाळीवही नव्हती, तिथे त्यांना सगळे सेमी-वाइल्ड म्हणतात. मागची गोष्ट माहीत असेल तर चित्र जरा स्पष्ट होतं.

१९७३ मध्ये दोन स्विस बायकांनी तिथे पुनर्वसन केंद्र सुरू केलं. लोकांनी घरात पिंजऱ्यात पाळलेली, मळ्यांमधून पकडलेली ओरांगउटानं जप्त करून तिथे आणायची, झाडावर चढायला, घरटं करायला शिकवायचं आणि सोडायचं. दोनशेच्या वर सोडली तिथे. त्यासाठी जंगलात एक फीडिंग प्लॅटफॉर्म होता, तिथे मुद्दाम रोज तेच ते द्यायचे, केळी आणि दूध, म्हणजे त्यांना कंटाळा येऊन ती स्वतः फळं शोधायला लागतील. डोकं लावलं होतं बघा. पण केळी खायला येणारी ओरांगउटानं बघायला पर्यटक यायला लागले आणि गाव त्याच्यावरच उभं राहिलं. पुढे नियम आला की जिथे आधीच जंगली ओरांगउटान आहेत तिथे पाळलेली आणून सोडायची नाहीत, आजार पसरतो म्हणून, मग नवीन आणणं थांबलं. प्लॅटफॉर्म २०१५ च्या सुमाराला बंद झाला. आता सुटका केलेली सुमात्रातच दुसरीकडे, जांबी प्रांतात आणि आचे प्रांतात जांथोला सोडतात.

पण माद्या तिथेच राहिल्या ना. त्यांना माणूस म्हणजे फळ हे पाठ आहे. माझं मत असं की प्लॅटफॉर्म बंद झाल्यावर तेच काम ट्रेकवाल्यांच्या सॅकमध्ये शिरलं. नियम साफ आहे, १० मीटर लांब राहायचं आणि काही खायला द्यायचं नाही, परमिट घेताना बोर्डावरही असतं.

तुमच्या गाइडने केळं बाजूला ठेवलं त्याबद्दल मी त्याला लगेच दोष देणार नाही. तिथली मीना नावाची एक मादी कित्येक गाइडना चावलीये (हो, मीना! आपल्या गल्लीतली वाटते नावावरून). अशी एखादी वाट अडवून बसली की काहीतरी दिल्याशिवाय हलत नाही. फक्त तिला ती सवय लावली कोणी, हा प्रश्न उरतोच.

खडूस_काका

मला एक कळत नाही. तुम्ही हजारो रुपये खर्च करून, विमान बदलून, तिथवर गेलात कशासाठी? ओरांगउटान बघायला. गाइडने ओरांगउटान दाखवलं. दिसलं नसतं तर हाच धागा "पैसे पाण्यात गेले" म्हणून आला असता. पाच तारे द्या आणि मोकळ्या व्हा.

आणि आपल्याकडे काय वेगळं चाललंय? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-टू वाघिणीला बछड्यांसकट दोन्हीकडून जिप्स्या लावून रस्त्यात अडवलं होतं, व्हिडिओ सगळीकडे फिरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई कोणावर, ड्रायव्हर आणि गाइडवर. मागे बसून "भैया थोडं पुढे घ्या ना" म्हणणारे घरी जाऊन स्टेटस टाकून झोपले. ताडोब्यात वाघ दिसला नाही की ड्रायव्हरला टिप न देणारी माणसं मी डोळ्यांनी बघितलीत. तेव्हा त्या सुमात्रातल्या गरीब माणसावर नैतिकता झाडू नका.

पाठपिशवी

काका, नैतिकता झाडायची असती तर एक तारा देऊन कधीच मोकळी झाले असते. मी दोन आठवडे त्या माणसाचे मेसेज वाचून गप्प बसलेय ते त्याचं वाईट व्हायला नको म्हणूनच. आणि "दिसलं नसतं तर" म्हणाल तर मला खरंच चाललं असतं, पण हे आता सांगणं सोपं आहे हेही मान्य. आमच्या ग्रुपमधल्या डच जोडप्याला चाललं नसतं हे मात्र नक्की, ते पहिल्या तासापासून विचारत होते, व्हेन, व्हेन.

@मुक्काम पोस्ट, धन्यवाद, ही केळी-दुधाची गोष्ट मला तिथे कोणीच सांगितली नाही. गाइड पुराबद्दल बोलला होता पण थोडकंच, मग विषय बदलला त्याने.

मुक्काम पोस्ट सिंगापूर

हो, २ नोव्हेंबर २००३ ची रात्र. वर डोंगरात पाऊस, बोहोरोक नदीत ओंडक्यांसकट पाण्याचा लोंढा आला, दोनशेच्या वर माणसं गेली, काठावरची घरं, गेस्ट हाउस, सगळं गेलं. वरच्या भागातल्या बेकायदा लाकूडतोडीला तेव्हा बराच दोष दिला गेला. तुमचा गाइड पन्नाशीचा म्हणजे तेव्हा तिशीच्या आतबाहेर असणार. त्यानंतर त्या लोकांनी धंदा शून्यातून उभा केलाय, हे रिव्ह्यू लिहिताना डोक्यात असू द्या एवढंच. याचा अर्थ फळं द्या असा नाही.

व्हेट_साताऱ्याची

मी गाई-म्हशींची डॉक्टर, ओरांगउटान काही तपासलेलं नाही 😄 पण वन्यप्राण्यांच्या आजारांचा थोडा अभ्यास केलाय म्हणून लिहिते, कारण इथे सगळे "सवय लागते" एवढ्यावरच थांबलेत.

मुख्य भीती आजाराची आहे. त्यांची आणि आपली जनुकं साधारण ९७ टक्के सारखी, त्यामुळे आपला सर्दी-खोकला, फ्लू, टीबी हे सगळं त्यांना होऊ शकतं. विमानात एसीमध्ये बसून आलेला, घसा खवखवणारा पर्यटक हातभर अंतरावर उभा, किंवा गाइडने अर्धं खाऊन उरलेलं फळ पुढे केलं, की संपलं. कोविड आला तेव्हा इंडोनेशियाने ओरांगउटानची उद्यानं लोकांना बंद केली ती या भीतीनेच. म्हणून १० मीटर.

दुसरं जमिनीचं. सुमात्रातली ओरांगउटानं एरवी खाली फारशी उतरतच नाहीत, खाली वाघ असतो. फळासाठी ती खाली येते, तिथेच आपण वावरतो, तिथलीच घाण, तिथलेच जंत. पोटाशी पिल्लू असताना तर अजूनच वाईट.

आणि पिल्लाचं तुम्ही लिहिलंय ते वाचून मला जास्त वाटलं. ते सात-आठ वर्षं आईबरोबर असतं, कुठलं झाड कधी फळतं, कुठली साल खायची, घरटं कसं विणायचं, हे सगळं तिच्याकडे बघून शिकतं. आई वाटेवर बसून सॅकची वाट बघत असेल तर ते पिल्लू काय शिकेल? दोन बाळंतपणांत साधारण आठ-नऊ वर्षांचं अंतर असतं, म्हणजे एक पिल्लू दगावलं तर भरून यायला किती काळ जातो बघा. बुकित लावांगच्या पुनर्वसित माद्यांची पिल्लं जंगलीपेक्षा जास्त दगावतात असं अभ्यास करणाऱ्यांनी लिहून ठेवलंय. सगळी मिळून सुमात्रन ओरांगउटान १४ हजारांच्या आसपास उरलीत.

गाइडचं पोट वगैरे सगळं मान्य, पण ही मादीच गेली तर त्याचं पोट कशावर चालणार?

डोंगरवेडा_केतांबे

नावावरून कळलंच असेल 😀 मी बुकित लावांग टाळून केतांबेला गेलो होतो, आचेमध्ये, तेच गुनुंग ल्यूसर उद्यान पण दुसरी बाजू. मेदानहून अख्खा दिवस गाडीत जातो, बेरास्तागीवरून पुढे कुताचानेपर्यंत वळणं वळणं वळणं, माझ्या शेजारच्या माणसाच्या मांडीवर कोंबडी होती पूर्ण प्रवासभर. तिथे १९७१ पासून संशोधन केंद्र आहे, ते नदीपलीकडे, तिकडे आपल्याला सोडत नाहीत. अलीकडच्या बाजूला ट्रेक.

काय दिसलं ते खरं सांगतो. पहिल्या दिवशी जुनी घरटी, म्हणजे झाडाच्या शेंड्याला वाळक्या पानांचा गठ्ठा. दुसऱ्या दिवशी दुपारी गाइडने मान वर करून दाखवलं, चाळीसेक मीटर वर एक लाल ठिपका, मग हात दिसला, मग त्याने आमच्या दिशेने फांद्या मोडून फेकल्या आणि ओठांचा पुच्च पुच्च असा आवाज काढला. गाइड म्हणाला रागावलाय, चला. बस. मान दुखली, फोटोत काही नाही, काळं पान आणि पांढरं आकाश. बायकोला दाखवला तर म्हणे कुठेय?

मला आवडलं का? हो. पण तुम्ही पिल्लाच्या मुठीचं लिहिलंय ना, ते वाचून थोडा हेवा वाटला, हेही खरंय. ज्याला तिकडे जायचंय त्याने हे डोक्यात ठेवून जावं, कारण केतांबेलासुद्धा "आम्हाला जवळून दाखवा" म्हणणारे आता यायला लागलेत असं गाइडच सांगत होता.

फरसाण_प्रेमी

विषयांतर होईल, माफी. मेदान ते बुकित लावांग रस्त्याने जाताना खिडकीतून काय दिसलं कोणी लिहिलंच नाही. तासन् तास पामच्या रांगा, बरोबर ना? जगात सगळ्यात जास्त पाम तेल इंडोनेशिया काढतो आणि सगळ्यात जास्त विकत आणतो तो आपला देश. फरसाण, बिस्किटं, हॉटेलातली कढई, सगळीकडे तेच. रांबुतान दिल्याचं वाईट जरूर वाटावं, पण तो प्राणी एवढ्याशा पट्ट्यात येऊन का बसलाय हेही बघा की. पूर्ण ल्यूसर परिसर अजून २६ हजार चौरस किलोमीटर आहे म्हणे, वाघ, हत्ती, गेंडा आणि ओरांगउटान एकत्र जगात फक्त तिथेच. आणि ते जंगल कापायला सगळे टपलेत. माझ्या मते ट्रेकवाले निदान जंगल उभं राहावं या बाजूचे तरी आहेत, त्यांची रोजीरोटी त्यावर आहे.

खडूस_काका

फरसाणवाले भाऊ बोलले ते पटलं. व्हेटबाईंचं पण पटलं, विशेषतः पिल्लाचं. पण मग माझा मुद्दा तोच राहतो, एकट्या गाइडला नाव घेऊन टांगू नका. सगळे गाइड फळ घेऊन जात असताना एकाने नाही नेलं तर त्याच्या ग्रुपला काही दिसणार नाही, आणि पुढचं बुकिंग शेजारच्याला जाईल. हे साधं गणित आहे.

व्हेट_साताऱ्याची

काका, गणित बरोबर आहे पण ते बदलतं कसं? फळ न देणाऱ्याला जास्त बुकिंग मिळायला लागली की. ती मिळणार रिव्ह्यू वाचूनच ना. त्यामुळे गप्प बसणं हा पर्याय मला पटत नाही. पाठपिशवी, तुमच्या गाइडने स्वतःहून मादीला बोलावलं का? तुमच्या लिहिण्यावरून नाही वाटलं. मग त्याचंच कौतुक करा की त्याने ग्रुप मागे घेतला.

पाठपिशवी

नाही, त्याने बोलावलं नाही. उलट नंतर कॅम्पवर मी विचारलं तेव्हा जरा गप्प झाला आणि म्हणाला की सिस्टर, जर्मन लोक म्हणतात डोंट फीड, पण दोन तास काही दिसलं नाही की तेच म्हणतात व्हेअर इज ऑरांगउटान. आणि हसला. मला तेव्हा काही उत्तर सुचलं नाही.

तर मी आत्ता लिहिलंय ते असं, जसंच्या तसं मराठीत टाकते, तिथे इंग्रजीत जाईल. बघा आणि सांगा:

"गाइड अत्यंत अनुभवी, जंगलाची माहिती अफाट, जेवण उत्तम, शाकाहारी लोकांची पूर्ण सोय. ओरांगउटान जवळ आल्यावर त्याने आम्हाला लगेच मागे घेतलं. त्या दिवशी वाटेवर काही ग्रुप फळं देऊन त्यांना खाली बोलावत होते, ते बघून वाईट वाटलं. तुम्ही जाणार असाल तर बुकिंग करतानाच लिहून कळवा की आम्हाला लांबून बघायचंय, फळ द्यायचं नाही, काही दिसलं नाही तरी चालेल. त्याला हे सांगणारे पाहुणे हवे आहेत असं मला वाटलं."

केळ्याचं लिहिलेलं नाही. ते लिहायला हवं का? आणि तारे किती?

डोंगरवेडा_केतांबे

केळ्याचं त्याला वैयक्तिक मेसेज करून लिही, चारचौघात नको. तारे पाच दे, चार दिले की त्या ॲपवर माणूस खाली जातो आणि रांबुतानवाला वर येतो.

व्हेट_साताऱ्याची

शेवटचं वाक्य काढा, त्याच्या मनातलं तुम्ही कशाला सांगताय. बाकी उत्तम. एक ओळ वाढवा, सर्दी-खोकला असेल तर ट्रेक पुढे ढकला आणि मास्क जवळ ठेवा.

खडूस_काका

पाच. आणि मेसेज करताना टिपचे पैसे पण पाठव, नुसते उपदेश नको.

पाठपिशवी

काका टिप तिथेच दिली होती हो, एवढी पण चिक्कू नाहीये मी 😂 शेवटचं वाक्य काढते, मास्कचं घालते. पाच देते.

नवखा_सॅकवाला

वरचं सगळं वाचलं, भारी धागा. मी डिसेंबरमध्ये जातोय, सुट्टी तेव्हाच मिळतेय. पावसाचं काय? आणि गाइडला विचारायचं म्हणजे नक्की काय विचारायचं? गाइडशिवाय आत गेलं तर चालतं का?

मुक्काम पोस्ट सिंगापूर

गाइडशिवाय उद्यानात सोडत नाहीत, आणि सोडलं तरी जाऊ नकोस, वाटा दिसत नाहीत तिथे. डिसेंबर म्हणजे पाऊस असणार, दुपारनंतर जास्त, नदी चढली की ट्यूबिंग बंद करतात आणि मग चालत परत यावं लागतं, त्यासाठी तयारी ठेव. मोबाइल आणि पासपोर्टला कोरडी पिशवी, पायात लांब मोजे, पँट मोज्यात खोचायची. भारतीयांना व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, ५ लाख रुपिया, आकडा बघून घाबरू नकोस, आपले अडीच-तीन हजार होतात.

विचारायचं हे की ग्रुपमध्ये किती माणसं असतील, आणि ओरांगउटान वाटेवर आलं तर तू काय करतोस. जो लगेच "नो प्रॉब्लेम, व्हेरी क्लोज, गुड फोटो" म्हणेल तो सोड. जो म्हणेल की आपण थांबू, मागे जाऊ, दुसरी वाट घेऊ, त्याला घे, दोन पैसे जास्त मागितले तरी दे. जमलं तर दोन रात्रींचा घे, पहिल्या दिवसाचा गर्दीचा पट्टा मागे पडतो आणि आत गेल्यावर गिबनचा (लांब हातांचं छोटं वानर) सकाळचा आवाज ऐकायला मिळतो, त्याला काही सॅकमधलं फळ लागत नाही.